गज सुटला, भीती पळाली!

व्हिएन्ना शहर. युरोपातल्या संगीताची जणू पंढरीच! विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातली एक रात्र. सभागृह माणसांनी गच्च भरलेलं. मंचावर मोठा वाद्यवृंद आणि त्याच्या पुढे, अगदी मधोमध, खुर्चीवर चेलो घेऊन बसलेले एक ठेंगणेसे गृहस्थ.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. इतका थोरला, की तो खांद्यावर घेता येत नाही. जमिनीवर टेकवून, दोन्ही गुडघ्यांत धरून वाजवावा लागतो. आवाज मात्र माणसाच्या गळ्याच्या जवळ जाणारा, घनगंभीर.

हे गृहस्थ होते स्पेनमधल्या कॅटलोनियाचे पाब्लो कासाल्स. चेलो वाजवण्यात त्यांचा हात धरणारं तेव्हा जगात क्वचितच कुणी असेल. पण त्या रात्री या एवढ्या मोठ्या वादकाची काय अवस्था होती, माहीत आहे? छाती धडधडतेय, हात घामेजलेत, बोटं आखडलीत. वादन सुरू होतंय आणि त्यांना वाटलं, बोटं जरा मोकळी करावीत. म्हणून त्यांनी गज बोटांत हलकेच फिरवला. आणि सटकन तो हातातून निसटला! प्रेक्षकांच्या डोक्यांवरून उडत उडत काही रांगा मागे जाऊन पडला.

तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात असं झालं असतं तर? नुसता हास्यकल्लोळ! पण त्या सभागृहात कुणी हसलं नाही. कुणीतरी गज उचलला. अलगद पुढच्या माणसाच्या हातात दिला. त्याने त्याच्या पुढच्या. असा हातोहात, एकेक रांग ओलांडत तो गज मंचाकडे येऊ लागला. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. कासाल्स एकटक त्या गजाकडे बघत राहिले होते.

गज हातात आला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आणि काय आश्चर्य! भीती कुठल्या कुठे पळाली होती. त्या रात्रीपेक्षा चांगलं आपण कधी वाजवलं नसेल, असं कासाल्स यांनी पुढे म्हातारपणी आपल्या आठवणींत सांगून ठेवलंय.

आता विचार करा, दोस्तांनो. माणूस तोच, चेलो तोच, समोरचे लोकही तेच. रियाज काही त्या मिनिटभरात वाढला नव्हता. मग बदललं काय? या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तर ते तुमच्या तबल्याच्या परीक्षेला, गाण्याच्या स्पर्धेला, अगदी वर्गात उभं राहून कविता म्हणण्यालासुद्धा उपयोगी पडेल. चला तर, शोधू या.

भीती थोरामोठ्यांनाही सोडत नाही

आधी माझीच फजिती सांगते. मी सातवीत होते. गॅदरिंगमध्ये पेटीवर एक भजन वाजवायचं होतं. घरी मी ते डोळे मिटून वाजवायचे. मंचावर बसले, ध्रुवपद छान झालं. तेवढ्यात माझी नजर तिसऱ्या रांगेत बसलेल्या शेजारच्या काकूंवर गेली. मनात आलं, आता चुकले तर काकू काय म्हणतील? झालं! अंतरा विसरले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्यांदा अडले तेव्हा उठून सरळ पडद्यामागे पळाले. कुणी रागावलं नाही, कुणी हसलंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी पेटीला हात लावला नाही. काही महिन्यांनी ती माळ्यावर गेली, ती गेलीच.

मला तेव्हा वाटायचं, भीती वाटते म्हणजे आपल्यात कलाच नाही. हा केवढा मोठा गैरसमज होता, ते पुष्कळ वर्षांनी कळलं.

या कासाल्स यांचंच बघा. १९०१ साली ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमल्पाइस नावाच्या डोंगरावर फिरायला गेले असताना वरून एक दगड गडगडत आला आणि त्यांच्या डाव्या हातावर आदळला. बोटं चिरडली गेली. वादकाच्या दृष्टीने याहून मोठं संकट ते कोणतं? पण कासाल्स सांगतात, त्या क्षणी त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की देवाची कृपा, आता पुन्हा कधी चेलो वाजवावा लागणार नाही! ज्या वाद्यावर जिवापाड प्रेम, त्यातून सुटका झाली म्हणून बरं वाटावं, इतकी लोकांसमोर वाजवण्याची धास्ती. सुदैवाने त्यांचा हात काही महिन्यांत बरा झाला. धास्ती मात्र जन्मभर सोबत राहिली.

पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ यांची गोष्ट अशीच. जगभर नाव झालेलं असताना १९५३ साली त्यांनी मैफली बंद केल्या. थकवा, आजारपण आणि मंचाची धास्ती. एक नाही, दोन नाही, तब्बल बारा वर्षं ते लोकांसमोर वाजवायला बसले नाहीत. मग ९ मे १९६५ रोजी ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परत आले. तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहिले होते. आणि सुरुवातीलाच त्यांच्या बोटांखाली चुकीचे स्वर लागले! पण ते थांबले नाहीत. वाजवत राहिले. ती मैफल आजही विसाव्या शतकातल्या संस्मरणीय मैफलींमध्ये गणली जाते. सुरुवातीचे ते चुकार स्वर आता फक्त जाणकारांना आठवतात.

शोपँ हा तर पियानोसाठी रचना करणारा केवढा मोठा संगीतकार. पण गर्दीसमोर त्याचा जीव गुदमरायचा. उभ्या आयुष्यात त्याने सुमारे तीसच जाहीर मैफली केल्या. चार मित्रांच्या बैठकीत मात्र तो तासन्‌तास वाजवी.

तेव्हा पोटात गोळा येतो म्हणजे आपण कच्चे, असं मुळीच नाही, बरं का!

वाघ समोर नाही, पण शरीराला काय ठाऊक?

हा गोळा येतो तरी कुठून? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपी घातल्यासारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकटाची चाहूल लागली, की मेंदू त्यांना इशारा देतो आणि त्या अ‍ॅड्रिनलिन नावाचं रसायन रक्तात सोडतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या पुस्तकात हा सारा प्रकार मांडला. संकटाच्या वेळी प्राण्याचं शरीर दोनच गोष्टींसाठी तयार होतं. लढायचं, नाही तर पळायचं.

हृदय जोरात धडधडतं, कारण स्नायूंना भरपूर रक्त हवं. ते रक्त पोटाकडून आणि त्वचेकडून वळवलं जातं. म्हणून पोटात कालवल्यासारखं होतं आणि बोटं गार पडतात. पचनाचं काम तात्पुरतं बंद, म्हणून लाळ आटते आणि घशाला कोरड पडते. शरीर तापेल म्हणून घाम आधीच सुटतो. स्नायू ताणून तयार राहतात, म्हणून हात थरथरतात.

वाघ मागे लागला असता तर ही व्यवस्था झकास होती. पण आपल्याला करायचं असतं काय? तबल्यावर नाजूक बोल काढायचे असतात, बासरीत संथ फुंकर घालायची असते, पेटीवर सफाईने बोटं फिरवायची असतात. गार, थरथरती बोटं आणि कोरडा घसा इथे काय कामाचा? शरीर मदतीला धावून येतं, पण चुकीची हत्यारं घेऊन!

तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. हे शरीर तुमचा शत्रू नाही. ते तुम्हाला बळ देऊ पाहतंय. त्या बळाचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे.

झुरळांपुढे झुरळांची शर्यत

आता एक गमतीदार प्रयोग ऐका. रॉबर्ट झायन्स नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. जन्म पोलंडचा, काम अमेरिकेत. दुसऱ्या कुणी बघत असलं म्हणजे आपल्या कामावर काय परिणाम होतो, हे त्यांना शोधायचं होतं. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातली मंडळी कोण होती? झुरळं!

झुरळाला उजेड आवडत नाही. दिवा लावला की ते अंधाराकडे पळतं. झायन्स यांनी झुरळांसाठी दोन प्रकारचे रस्ते बनवले. एक अगदी सरळ, दुसरा वळणाचा. रस्त्याच्या कडेला काचेसारख्या पारदर्शक डब्या ठेवल्या आणि त्यांत बसवले प्रेक्षक. तेही झुरळंच! काय आढळलं? सरळ रस्त्यावर प्रेक्षक असताना झुरळं जास्त वेगाने पळाली. वळणाच्या रस्त्यावर मात्र प्रेक्षक असताना त्यांना उलट जास्त वेळ लागला.

तुम्ही म्हणाल, झुरळाचं काय घेऊन बसलात? ठीक आहे, माणसांचं बघू. १९८२ साली अमेरिकेत काही संशोधकांनी बिलियर्ड्ससारखा पूल नावाचा खेळ खेळणाऱ्यांचं निरीक्षण केलं. आधी लांबून, त्यांच्या नकळत. मग चार जण टेबलाजवळ जाऊन उभे राहिले आणि बघू लागले. चांगल्या खेळाडूंचे आधी शंभरातले ७१ फटके बरोबर बसत होते, ते आता ८० बसू लागले. कच्च्या खेळाडूंचे ३६ बसत होते, ते २५ वर आले.

लक्षात आलं? प्रेक्षक हा भिंगासारखा असतो. जे अंगवळणी पडलेलं आहे, ते तो मोठं करून दाखवतो. पक्कं असलं तर जास्त पक्कं, कच्चं असलं तर जास्त कच्चं. म्हणून गुरुजी 'आणखी एकदा, आणखी एकदा' करत पलटे घोटून घेतात. एकदा बरोबर आलं म्हणजे आलं, असं नसतं. झोपेतून उठवलं तरी बरोबर यावं लागतं.

कासाल्स तेरा वर्षांचे असताना बार्सिलोनातल्या एका दुकानात त्यांना बाख या संगीतकाराच्या चेलोसाठीच्या सहा रचनांची जुनी प्रत सापडली. त्यांनी त्या वाजवायला घेतल्या. लोकांसमोर कधी वाजवल्या असतील? बारा वर्षांनी! बारा वर्षं रोज रियाज केल्यावर मग कुठे त्यांतली एक रचना जाहीरपणे वाजवायचा धीर त्यांना झाला.

पण मग रियाज असूनही चुकतं कसं?

बरोबर विचारलंत. माझंही भजन पाठच होतं की! तरी चुकलं.

एक गंमत करून बघा. जिना उतरताना प्रत्येक पायरीला मनात म्हणा, आता उजवा पाय उचलतो, आता गुडघा वाकवतो, आता टाच टेकवतो. कठडा मात्र धरून ठेवा हं, नाही तर पडाल! जो जिना तुम्ही रोज धावत उतरता, तोच अवघड होऊन बसतो. कारण जे काम शरीर आपोआप करत होतं, त्यात तुम्ही लुडबुड केलीत.

मंचावर नेमकं हेच होतं. आपल्या मनात एक परीक्षक बसलेला असतो. घरी रियाज करताना तो फार उपयोगी. 'गंधार जरा उतरला', 'लय पळतेय' असं तो सांगतो आणि आपण सुधारतो. पण भर मैफलीत तो बडबडू लागला तर? 'बोट नीट पडेल ना? परवा इथेच चुकलं होतं. त्या काकू बघतायत!' लक्ष संगीतावरून उडतं आणि स्वतःवर येऊन बसतं. इकडे बोटं पोरकी होतात.

आता पुन्हा व्हिएन्नाला जाऊ. गज उडाला, त्याआधी कासाल्स यांचं लक्ष कुठे होतं? स्वतःच्या घामेजल्या हाताकडे. आणि गज उडाल्यावर? हातोहात पुढे येणाऱ्या त्या गजाकडे! त्या मिनिटभरात मनातला परीक्षक गप्प झाला असावा, असं मला वाटतं. आणि तो गप्प झाल्याबरोबर इतक्या वर्षांचा रियाज आपोआप पुढे आला.

मेंदूत डोकावून हे पाहता येईल का? अमेरिकेतल्या चार्ल्स लिम आणि अ‍ॅलन ब्राउन या दोन शास्त्रज्ञांनी तसा प्रयत्न केला. २००८ साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी सहा जाझ पियानोवादकांना मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात आडवं झोपवलं. या यंत्रात प्रचंड शक्तीचं चुंबक असतं, त्यामुळे तिथे लोखंडी वस्तू चालत नाहीत. म्हणून ३५ पट्ट्यांचा एक छोटासा प्लॅस्टिकचा पियानो मुद्दाम बनवून घेतला आणि तो मांडीवर ठेवून वाजवायला सांगितलं. पाठ केलेली धून वाजवताना आणि मनाने रचत वाजवताना मेंदूत काय फरक पडतो, हे त्यांना बघायचं होतं. वादक आपल्या मनाने वाजवू लागले, तेव्हा कपाळामागच्या भागाच्या कडेचा पट्टा शांत झालेला दिसला. स्वतःवर पहारा ठेवण्याचं, आपल्या कामाची तपासणी करण्याचं काम या भागाकडे असतं, असं मानतात. म्हणजे आपला परीक्षकच की! आता सहा जणांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. पण दिशा तर कळते.

लय लागते तेव्हा

तुम्हाला कधी असं झालंय का? चित्र काढताय, किंवा वाजवताय, आणि आई जेवायला हाका मारतेय, पण ऐकूच येत नाही. घड्याळ बघावं तर दोन तास उलटून गेलेले! आपण कधी दमलो, कधी भूक लागली, काही पत्ताच नाही.

या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला मिहाय चिक्सेंटमिहाय या शास्त्रज्ञाने. नाव उच्चारताना दमलात ना? हे मूळचे हंगेरियन. जन्म १९३४ चा. त्यांचं बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत गेलं. चहूकडे नासधूस, उपासमार. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बुद्धिबळ खेळायला बसलो की तेवढा वेळ आपल्याला दुसरं काही आठवतच नाही. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, संगीतकार, शल्यविशारद अशा कितीतरी लोकांना विचारलं, की काम अगदी छान चाललेलं असतं तेव्हा कसं वाटतं? पुष्कळांनी सांगितलं, की प्रवाह आपल्याला वाहून नेतोय असं वाटतं. म्हणून त्यांनी या अवस्थेचं नावच 'प्रवाह' ठेवलं. याच नावाचं त्यांचं पुस्तक १९९० साली आलं. २०२१ मध्ये ते वारले.

आपल्या भाषेत तर यासाठी फार पूर्वीपासून शब्द आहेत. तल्लीन म्हणजे त्यात लीन झालेला. आणि 'लय' हा शब्द बघा. लय म्हणजे संगीताची गती, आणि लय म्हणजे विरघळून जाणंसुद्धा!

हा प्रवाह केव्हा सापडतो? चिक्सेंटमिहाय सांगतात, की काम फार सोपं असलं तर कंटाळा येतो. फार अवघड असलं तर भीती वाटते. या दोहोंच्या मधोमध, आपली शक्ती पणाला लागेल पण तुटणार नाही अशा जागी, प्रवाह वाहत असतो. शिवाय पुढे काय करायचं ते स्पष्ट हवं आणि आपलं बरोबर चाललंय की नाही ते लगेच कळायला हवं. संगीतात हे सगळं आहे. पुढची मात्रा ठरलेली असते आणि सूर ढळला की कानाला लगेच कळतं.

एक मात्र खरं. प्रवाह हुकमाने येत नाही. झोपेसारखाच असतो तो. 'आता झोप, आता झोप' म्हणत राहिलं की झोप पळते. आपण फक्त अंथरूण नीट घालायचं.

याची एक सुंदर गोष्ट आहे. १९९० च्या दशकात हॉलंडमधल्या अ‍ॅम्स्टरडॅमला पोर्तुगालच्या प्रसिद्ध पियानोवादक मारिया झुआंव पिरेश यांचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, सभागृहात श्रोते बसलेले. मोत्झार्टची एक रचना वाजवायची होती. संचालक रिकार्दो शायी यांनी हात उचलला आणि वाद्यवृंद सुरू झाला. पिरेशबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्या तयारी करून आल्या होत्या मोत्झार्टच्या दुसऱ्याच रचनेची!

आता? या रचनेत आधी वाद्यवृंद दोन-सव्वादोन मिनिटं वाजवतो आणि मग पियानो येतो. तेवढाच काय तो वेळ. पिरेशबाईंनी कपाळाला हात लावला. आपल्याकडे वेगळीच रचना आहे, असं त्यांनी शायींना सांगितलं. शायी हाताने वाद्यवृंद चालवतायत आणि हसत हसत त्यांना धीर देतायत, की गेल्याच मोसमात तुम्ही ही वाजवली होतीत, तुम्हाला नक्की जमेल! हा सगळा प्रसंग चित्रफितीवर आहे. बाईंची मान खाली जाते, क्षणभर वाटतं की आता या रडणार. मग त्या हळूहळू समोरचं संगीत ऐकू लागतात. पियानोची वेळ येते. बोटं पट्ट्यांवर जातात. आणि त्या ती रचना वाजवतात. कागद समोर नसताना, पाठ! आधीचे कष्ट त्यांच्या बोटांत साठून राहिले होते.

मग आपण काय करायचं?

गज काही दर वेळी हातातून उडणार नाही! पण त्या गजाने जे केलं, ते आपल्याला मुद्दाम करता येतं. काही युक्त्या सांगते.

१. पक्कं असेल तेच मंचावर न्या. नवी, अवघड तान घरी घोटा. स्पर्धेसाठी आपल्या ताकदीपेक्षा एक पायरी खालची चीज निवडा. घाबरल्यावरही ती तुम्हाला साथ देईल.

२. प्रेक्षकांचाही रियाज करा. आधी आजी-आजोबांपुढे वाजवा. मग शेजाऱ्यांपुढे, मग वर्गात. ज्या कपड्यांत मंचावर बसणार, त्याच कपड्यांत एकदा घरी बसून पाहा.

३. चुकून पुढे जायचा सराव करा. घरी चुकलं की आपण थांबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. मग मंचावरही तेच होतं. माझं तेच झालं! आठवड्यातून निदान एकदा, काहीही झालं तरी न थांबता शेवटपर्यंत वाजवायचं. होरोविट्झ आठवा.

४. लांब श्वास सोडा. वाद्य हाती घेण्याआधी चार-पाच वेळा श्वास सावकाश घ्या आणि त्याहूनही सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती जरा मंदावते. शरीराला निरोप मिळतो, की वाघ नाही, काकू आहेत.

५. भीतीला दुसरं नाव द्या. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स या अमेरिकन प्राध्यापिकेने २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना अनोळखी माणसापुढे गाणं म्हणायला लावलं आणि त्यांचा सूर-ताल किती बरोबर लागतो ते यंत्राने मोजलं. गाण्याआधी 'मला भीती वाटतेय' म्हणणाऱ्यांना शंभरापैकी सरासरी ५३ गुण मिळाले. काहीच न म्हणणाऱ्यांना ६९. आणि 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांना ८०! धडधड तीच, फक्त नाव बदललं. सहलीच्या आदल्या रात्री छाती धडधडते, तिला आपण भीती म्हणतो का?

६. लक्षाला एक खुंटी द्या. 'घाबरायचं नाही' असं स्वतःला बजावून काही होत नाही, कारण लक्ष भीतीवरच राहतं. त्याला दुसरीकडे बसवा. आपल्याकडची पद्धत किती छान आहे पाहा. गवई मैफलीला बसले, की आधी तंबोरे लावतात. श्रोते खोळंबलेले असले तरी घाई नाही. कान त्या तारांवर. मग एक 'सा'. मग संथ आलापी. तुम्हीही पहिला स्वर लावण्याआधी तंबोरा, पेटीचा सूर किंवा तबल्याचा ठेका नीट ऐका. तोच तुमचा हातोहात येणारा गज!

आई-बाबांसाठी

आता थोडं आई-बाबांशी. कार्यक्रमाच्या दिवशी 'घाबरू नकोस हं', 'आमचं नाक कापू नकोस' असलं काही बोलू नका. त्याने मनातल्या परीक्षकाला आयतं खाद्य मिळतं. पहिल्या रांगेत बसून ओठांनी शब्द सांगू नका आणि चुकल्यावर कपाळावर हात मारून घेऊ नका. मंचावरून ते फार स्पष्ट दिसतं! घरी जाताना चुका मोजू नका. 'कुठली जागा वाजवताना मजा आली?' एवढंच विचारा. चुका काय, गुरुजी दोन दिवसांनी सांगतीलच.

आणि मूल जर दिवस दिवस जेवत-झोपत नसेल, उलट्या होत असतील, आवडतं वाद्य टाळू लागलं असेल, तर त्याला भित्रं ठरवू नका. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोला. मंचाची भीती घालवायची म्हणून ऐकीव गोळ्या तर मुळीच देऊ नका. आणि मूल पडद्यामागे पळून आलं, तर त्याच आठवड्यात घरातल्या चौघांपुढे त्याला पुन्हा वाजवू द्या. माझ्या वेळी हे कुणाला सुचलं नाही. पेटी माळ्यावर जाऊ देऊ नका!

कासाल्स यांनी चेलो सोडला नाही. २४ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात, जगभरच्या प्रतिनिधींसमोर ते वाजवायला बसले, तेव्हा त्यांचं वय होतं ९४ वर्षं. त्यांनी आपल्या कॅटलोनियातलं पक्ष्यांचं एक लोकगीत वाजवलं. सत्तर वर्षांपूर्वी त्या डोंगरावर, आता वाजवावं लागणार नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे तेच हे कासाल्स!

परवा मीही माझी पेटी माळ्यावरून खाली काढली. भाता फाटलाय, दोन पट्ट्या दबून बसल्यात. दुरुस्तीला टाकलीय. आली की आधी तंबोऱ्याचा सूर लावीन, तो नीट ऐकीन आणि मग ते भजन वाजवीन, अंतऱ्यासकट. शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावणार आहे.

तुम्ही कुणाला बोलावताय?